बंदुकीची नोंद सक्तीची असावी का? आजोबांच्या बारा बोअरवरून एक सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट समजलाय की नाही हे तुम्हालाही कळेल. संगमेश्वर तालुक्यात तुमचं घर. आजोबांच्या नावावर शेतीसंरक्षणाचा परवाना आणि त्यावर एक जुनी बारा बोअर डबल बॅरल बंदूक. आजोबा गेल्या वर्षी वारले, बंदूक अजून माजघरातल्या कपाटात आहे. काका म्हणतात ठाण्यात जमा करून मोकळे होऊ. ह्यूस्टनला असणारा तुमचा आतेभाऊ म्हणतो की नोंदणी ही जप्तीची पहिली पायरी असते, गुन्हेगार काही नोंद करत नाहीत, तेव्हा सरकारला आपणहून काही सांगायला जाऊ नका. आणि तुम्ही विचारताय की सक्तीच्या नोंदणीने गुन्हे खरोखर कमी होतात का, आणि होत नसतील तर आपण ठाण्याची पायरी का चढायची.

मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात वकिली करतो. शस्त्र परवान्यांची कामं, म्हणजे नूतनीकरण, वारसाचा परवाना, परवाना रद्द झाल्यावरचं अपील, आणि बिनपरवाना बंदूक सापडल्यावरचे खटले, अशी दोन्ही बाजूंची प्रकरणं माझ्याकडे येतात. त्यावरूनच लिहितोय. वाद आणि तुमची बंदूक या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवणार आहे, कारण वादात तुमच्या भावाचं काही म्हणणं मला पटतं, पण बंदुकीच्या बाबतीत त्याचा सल्ला ऐकलात तर अडचणीत याल.

आधी तीन गोष्टींची गल्लत सोडवू. एक, बंदूक विकत घेताना माणसाची पार्श्वभूमी तपासणं. दोन, माणसाला परवाना देणं. तीन, प्रत्येक बंदुकीचा नंबर एका माणसाच्या नावावर सरकारी दप्तरी असणं. नोंदणी म्हणजे ही तिसरी गोष्ट. अमेरिकेत दुकानातून बंदूक घेताना पहिली गोष्ट होते. तिसरी बहुतेक राज्यांत होत नाही, टेक्सासमध्येही नाही. हवाईमध्ये आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये मात्र बंदुका नोंदवाव्या लागतात. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याखाली दुसरी आणि तिसरी एकाच पुस्तिकेत येते. परवान्यावर माणसाचं नाव असतं आणि त्याच पुस्तिकेत बंदुकीचा प्रकार, बोअर म्हणजे नळीचं माप, बनावट म्हणजे ती कोणत्या कारखान्याची, आणि नंबर चढवलेला असतो. त्यामुळे भारतात ‘नोंदणी असावी की नसावी’ हा वाद म्हणून उरलेलाच नाही. भाऊ तिथला वाद इथल्या बंदुकीला लावतोय.

पण तिथला वाद उडवून लावण्यासारखा नाही, म्हणून तो नीट बघू.

अमेरिकेत 1934 पासून मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि सायलेन्सर यांची केंद्राकडे नोंद करावी लागते. साध्या रायफली, पिस्तुलं, शॉटगन यांची नाही. उलट 1986 च्या कायद्याने केंद्र सरकारला अशा बंदुकांची मध्यवर्ती नोंदवही उभारायलाच मनाई केली. त्याचा परिणाम काय, ते वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या, बंदुकांचा माग काढणाऱ्या सरकारी केंद्रात दिसतं. गुन्ह्याच्या जागी बंदूक सापडली की पोलीस तिचा नंबर तिथे कळवतात. तिथले कर्मचारी कारखान्याला विचारतात की ही कोणत्या घाऊक व्यापाऱ्याला दिली, त्याला विचारतात कोणत्या दुकानाला दिली, आणि दुकानदार त्याच्याकडचा खरेदीचा फॉर्म काढून नाव सांगतो. बंद पडलेल्या दुकानांची कागदपत्रं या केंद्रातच साठवलेली असतात, पण खरेदीदाराच्या नावावरून ती शोधायची सोय ठेवलेली नाही. एवढं करून हाती लागतं ते पहिल्या खरेदीदाराचं नाव. त्याने पुढे शेजाऱ्याला विकली असेल, तर टेक्सासमध्ये त्याचा कागद असायलाच हवा असं नाही. तपास तिथे थांबू शकतो.

हे सगळं मुद्दाम असं ठेवलंय, आणि त्यामागची भीती खरी आहे. डिसेंबर 2012 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका वृत्तपत्राने दोन काउंट्यांतल्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांतल्या, पिस्तूल परवानाधारकांची नावं आणि पत्ते नकाशावर छापले. कुणाच्या घरात शस्त्र आहे आणि कुणाच्या नाही, हे चोरालाही त्यातून कळलं. न्यूझीलंडमध्ये 2019 च्या डिसेंबरमध्ये बंदुका परत घेण्याच्या सरकारी संकेतस्थळावरची मालकांची माहिती नको त्या लोकांना बघता येत होती, म्हणून ते तातडीने बंद करावं लागलं. कॅनडात मे 2020 मध्ये सरकारने सुमारे 1500 प्रकारच्या बंदुकांवर बंदी आणली. त्यांतल्या ज्या आधीपासून नोंदलेल्या होत्या, त्या कुणाकडे आहेत हे सरकारला ठाऊकच होतं. म्हणजे ‘यादी असली की उद्या त्याच यादीवरून मागायला येतील’ ही शंका हवेतली नाही.

आणि यासाठी परदेशी जायलाही नको. आपल्याकडचा देशव्यापी शस्त्र कायदा 1878 चा, लॉर्ड लिटनच्या काळातला, देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आला त्याच वर्षीचा. त्यात भारतीयांना परवाना सक्तीचा होता आणि युरोपीयांना सूट होती. तो कायदा सुरक्षेसाठी केलेला नव्हता, 1857 च्या उठावानंतर राज्य टिकवण्यासाठी केलेला होता. आपल्या परवान्याच्या पुस्तिकेचं मूळ तिथपर्यंत जातं. परवान्याच्या खिडकीपाशी आजही नागरिकाला याचकासारखं उभं केलं जातं, याचा मला मनापासून राग येतो. त्यामुळे सरकारकडच्या यादीबद्दल सावध असणाऱ्या माणसाला मी वेड्यात काढणार नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, गुन्हे कमी होतात का.

माझं उत्तर असं, की फक्त नोंदणीमुळे खून कमी झाले असं ठामपणे म्हणता येत नाही. नोंदणी एकटी कधी येत नाही. तिच्याबरोबर परवाना येतो, तपासणी येते, काही बंदुकांवर बंदी येते, आणि यातला कोणता परिणाम कशाचा हे वेगळं काढणं फार अवघड असतं. नोंदणीला पाठिंबा देणारे लोक ‘जीव वाचतात’ एवढंच म्हणून थांबतात आणि तिथेच वाद हरतात, असं मला वाटतं. नोंदणीचा उपयोग तपासाला आहे आणि जबाबदारी ठरवायला आहे. एखाद्याच्या हातातून बंदूक निसटली तर त्याला उत्तर द्यावं लागेल, ही जाणीव त्यातून येते. हा उपयोग मोठा आहे, पण तो यादी खरी असेल तरच.

कॅनडाचं उदाहरण त्यासाठी बघण्यासारखं आहे. तिथे पिस्तुलांची नोंद 1934 पासूनच होती. 6 डिसेंबर 1989 ला माँट्रियलच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात 14 तरुणींना गोळ्या घालून मारलं गेलं, आणि त्यानंतरच्या चळवळीतून 1995 चा कायदा आला. शेतकऱ्याच्या, शिकाऱ्याच्या साध्या रायफली आणि शॉटगनही नोंदवायच्या, आणि ते 2003 पर्यंत पुरं करायचं असं ठरलं. शुल्काची जमा धरता सरकारला पदरचे सुमारे 20 लाख डॉलर घालावे लागतील असं सांगितलं होतं. 2002 मध्ये तिथल्या महालेखापरीक्षकांनी अहवाल दिला की सगळ्या कार्यक्रमाचा खर्च दोन-तीन वर्षांत 100 कोटी डॉलरच्या पुढे जाईल. अर्ज किचकट, अटी सारख्या बदलत्या, संगणक प्रणाली पुन्हा पुन्हा नव्याने. ग्रामीण भागातल्या लोकांना वाटलं की शहरातल्या गुन्ह्याची शिक्षा आपल्याला होतेय. अखेर एप्रिल 2012 मध्ये लांब बंदुकांची नोंदणी रद्द झाली आणि नोंदी पुसायचा हुकूम निघाला. क्वेबेक प्रांताने आपल्या भागातल्या नोंदी वाचवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली, 2015 मध्ये ते हरले, आणि मग 2018 पासून त्यांनी स्वतःची वेगळी नोंदणी सुरू केली.

तुमचा भाऊ ही गोष्ट इथेच संपवेल. पण तिची दुसरी बाजूही आहे. मार्च 2005 मध्ये अल्बर्टातल्या मेयरथॉर्पजवळ चार पोलिसांना गोळ्या घातल्या गेल्या आणि मारेकऱ्याने स्वतःलाही संपवलं. जागेवर सापडलेल्या बंदुकांत एक रायफल अशी होती, जी दुसऱ्याच एका घरातल्या आजोबांच्या नावावर नोंदलेली होती. त्या धाग्यावरून पोलीस मारेकऱ्याला मदत करणाऱ्या दोघांपर्यंत पोहोचले. ‘नोंदलेल्या बंदुकीने कोण गुन्हा करतो’ या प्रश्नाला हे एक उत्तर आहे. नोंद एका माणसाच्या नावावर असते आणि बंदूक भलत्याच माणसाच्या हातात सापडते. मधली वाट शोधायला सुरुवात कुठून करायची, ते नोंदीमुळे कळतं.

न्यूझीलंडने तर दोन्ही टोकं अनुभवली. 1920 पासून तिथे बंदुकांची नोंद होती. साठ वर्षांनी पोलिसांनी ती तपासली तर पत्ते जुने, मालक मेलेले, बंदुका भलतीकडे. दुरुस्त करायला मनुष्यबळ पुरणार नाही म्हणून 1983 मध्ये रायफली आणि शॉटगनची नोंद सोडून दिली आणि फक्त माणसाला परवाना ठेवला. मग 15 मार्च 2019 ला क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत 51 माणसं मारली गेली. सरकारने बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घालून त्या पैसे देऊन परत घेतल्या. 56 हजारांच्या आसपास गोळा झाल्या. पण लोकांकडे अशा एकूण किती होत्या, याचा आकडा कुणाकडेच नव्हता. जे अंदाज होते ते एकमेकांपासून काही पटींनी वेगळे. मोहीम फत्ते झाली की निम्मी राहिली, हे सांगायला मापच नव्हतं. जून 2023 पासून त्यांनी पुन्हा नोंदणी सुरू केली आहे आणि लोकांना त्यासाठी पाच वर्षं दिली आहेत. ही सवलतीची मुदत मला फार शहाणपणाची वाटते. का, ते पुढे सांगतो.

या दोन्ही देशांत नोंदवही कोसळली ती बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात जाताना. पहिली नोंद करणं सोपं असतं. माणूस मरतो, घर बदलतो, बंदूक मेहुण्याकडे ठेवतो, तेव्हा वही तिथेच राहते आणि बंदूक पुढे जाते. आपल्या सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव तसंच असतं, वारस नोंद कुणी घालत नाही आणि मग दोन पिढ्यांनी भाऊबंदकी कोर्टात येते, तसंच हे. फरक इतकाच की जमीन जागची हलत नाही. बंदूक हलते.

आता आपल्याकडचं बघू, कारण तुमचा भाऊ म्हणतो ते ‘गुन्हेगार नोंद करत नाहीत’ हे आपल्याकडे जास्त लागू पडतं. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे 2016 अखेर देशात सुमारे 33 लाख 69 हजार शस्त्र परवाने होते. त्यांतले 12 लाख 77 हजार एकट्या उत्तर प्रदेशात, आणि महाराष्ट्रात 84 हजारांच्या आसपास. स्वित्झर्लंडमधल्या स्मॉल आर्म्स सर्व्हे या संशोधन संस्थेचा 2017 चा अंदाज असा, की भारतात लोकांकडे एकूण 7 कोटींहून अधिक बंदुका आहेत आणि त्यांतल्या 6 कोटींहून अधिक बेहिशेबी. अंदाज कमी-जास्त असू शकतो, पण चित्र कुणालाही नाकारता येणार नाही. बिहारमधल्या मुंगेरकडे बनलेला गावठी कट्टा कधी कुठल्या वहीत नव्हताच. त्याच्यावर नंबर नाही, त्याचा पहिला मालक नाही. अमेरिकेत बहुतेक गुन्ह्यांतली बंदूक कधी ना कधी कारखान्यातून आणि दुकानातून कायदेशीरपणे बाहेर पडलेली असते, म्हणून तिथे नोंदणीने मागोवा निघू शकतो. आपल्याकडे कट्ट्याचा मागोवा परवान्याच्या पुस्तिकेतून निघणार नाही. हे मान्य करायलाच हवं.

आमच्या कोकणातही तेच. रात्री रानात बॅटरी घेऊन सावजामागे फिरणाऱ्यांकडे पकडली जाते ती बहुतेकदा ठासणीची बिनपरवाना बंदूक. गावातल्याच कुणीतरी नळ मिळवून, दस्ता बसवून बनवलेली. मात्र अशा खटल्यांची कागदपत्रं नीट वाचली की आणखी एक गोष्ट वरचेवर दिसते. बंदूक मुळात परवान्याचीच असते. परवानाधारक वारलेला असतो, मुलं मुंबईला, घर बंद किंवा घरात एकटी म्हातारी. गडी किंवा पुतण्या बंदूक घेऊन फिरतो. त्याच्या दृष्टीने ती ‘आमच्या घरातलीच’ असते. कायद्याच्या दृष्टीने ती ज्या दिवशी परवानाधारक गेला त्या दिवशीच बेवारस झालेली असते. यातून अपघात झाला, कुणी वानरावर नेम धरला आणि गोळी भलत्याला लागली, तर पहिला प्रश्न येतो की बंदूक कुणाच्या ताब्यात होती. आणि घरातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

नोंदवही आतून कुजते तेही आपण पाहिलंय. जम्मू-काश्मीरमध्ये 2012 ते 2016 या काळात पात्र नसलेल्या लोकांना पैसे घेऊन 2 लाख 78 हजारांहून अधिक परवाने दिल्याचा आरोप आहे आणि सीबीआय त्याचा तपास करत आहे. त्यानंतर प्रत्येक परवानाधारकाला मिळणाऱ्या राष्ट्रीय ओळख क्रमांकाचं महत्त्व लोकांना पटायला हवं होतं. जुने हस्तलिखित परवाने राष्ट्रीय संगणकीय यादीत चढवायचं काम सुरू झालं तेव्हा माझ्याकडे कितीतरी म्हातारी माणसं पुस्तिका घेऊन आली. दरवेळी नूतनीकरणाचा शिक्का मारून घेतलेला, पण यादीत नाव नाही. का नाही, तर नंबर जुळत नाही.

हा नंबर जुळण्याचा प्रकार जवळून पाहिल्याशिवाय नोंदणी म्हणजे काय ते कळत नाही, म्हणून थोडं सांगतो. जुन्या डबल बॅरलचा नंबर वरून दिसत नाही. पुढचं लाकूड काढून नळ्या सोडवल्या की त्यांच्या बुडाच्या सपाट भागावर एक नंबर असतो, आणि नळ्या जिथे बसतात त्या लोखंडी बैठकीवर दुसरीकडे तोच नंबर पुन्हा. गंज आणि जुनं तेल साचून तो बुजलेला असतो. तेलाच्या फडक्याने पुसायचा, मग पांढरा खडू घासायचा, म्हणजे आकडे उठून दिसतात. एका प्रकरणात 1960 च्या दशकातल्या कारकुनाने 3 असा काही वळणदार काढला होता की पुढच्या नूतनीकरणाला तो 8 झाला आणि मग सगळीकडे 8 च राहिला. परवान्यातली बंदूक आणि घरातली बंदूक कागदावर दोन वेगळ्या झाल्या. म्हाताऱ्या शेतकऱ्यावर, ज्याने आयुष्यात एक नियम मोडला नव्हता, ‘दुसरी बंदूक कुठे आहे’ असं उत्तर द्यायची पाळी आली. पंचनामा, तज्ज्ञाचं पत्र, मूळ नोंदवहीची नक्कल, यात महिने गेले. म्हणून मी म्हणतो की सक्ती करणाऱ्या सरकारवरही तेवढीच सक्ती हवी. चूक दुरुस्त करायचा सोपा मार्ग आणि त्याला कालमर्यादा, या दोन गोष्टी नसतील तर नोंदणी प्रामाणिक माणसालाच जाचते.

निवडणुकीचं उदाहरण याच जातीचं. आचारसंहिता लागली की पूर्वी सरसकट सगळ्या परवानाधारकांना बंदुका ठाण्यात जमा करायला सांगत. ऐन काजू-आंब्याच्या हंगामात निवडणूक आली की बागेत वानरांचे कळप आणि बंदूक ठाण्यात. मुंबई उच्च न्यायालयाने हे सरसकट धोरण मान्य केलं नाही. जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीने कुणाकडून जमा करायची ते एकेकाचं प्रकरण पाहून ठरवावं, अशी पद्धत त्यानंतर आली. खालच्या पातळीवर ती दरवेळी पाळली जातेच असं नाही, हा भाग वेगळा. पण तुमच्या भावाला सांगा, यादी असूनही सरकारला मर्यादा घालता येते, ती न्यायालयातून घालता येते, आणि ती घालून घेणारे साधे बागायतदार होते.

तर मी कोणत्या बाजूचा? मी सक्तीच्या नोंदणीच्या बाजूचा आहे, आणि ठामपणे आहे. ज्या वस्तूने क्षणात माणूस मरतो ती आत्ता कुणाच्या ताब्यात आहे हे कुणालातरी माहीत असलं पाहिजे. पण माझ्या अटी आहेत. यादी लोकांसमोर उघडी पडता कामा नये आणि ती कोणी कधी पाहिली याचीही नोंद राहिली पाहिजे. यादीच्या आधारे सरसकट कारवाई होऊ नये. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जो आपणहून चूक किंवा उशीर सांगायला येतो त्याला गुन्हेगार धरू नये. 1968 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक विलक्षण मुद्दा आला होता. ज्याला बंदूक बाळगायचीच परवानगी नाही त्याला ‘तू नोंद केली नाहीस’ म्हणून शिक्षा करता येईल का? नोंद करणं म्हणजे स्वतःविरुद्ध कबुली देणं, आणि तशी सक्ती संविधानात बसत नाही, म्हणून न्यायालयाने शिक्षा रद्द केली. त्यानंतर तिथला कायदा बदलला, पण मुद्दा आपल्यालाही लागू पडतो. उशीर झालेला वारस ठाण्यात जायला घाबरतो, कारण गेलो तर आपणच अडकू असं त्याला वाटतं. आणि तो गेला नाही की आणखी एक बंदूक कायमची अंधारात जाते. वारसांसाठी ठरावीक मुदतीची उघड सवलत राज्याने वेळोवेळी जाहीर करावी, असं मला फार वाटतं. न्यूझीलंडची पाच वर्षं मला म्हणूनच आवडतात.

आता तुमच्या बंदुकीकडे येतो. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. परवाना आजोबा गेले तेव्हा चालू होता की मुदत आधीच संपली होती, राष्ट्रीय ओळख क्रमांक मिळाला होता का, वारस किती आणि त्यांच्यात एकमत आहे का, हे मला दिसत नाही. तरी सगळ्यांना लागू पडेल असं सांगतो.

परवाना आजोबांच्या नावाचा होता, घराचा नव्हता. ते गेल्यावर तुमच्यापैकी कुणालाही ती बंदूक ताब्यात ठेवायचा अधिकार उरला नाही. शस्त्र कायद्याच्या कलम 21 प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायला हवी होती. एक वर्ष झालंय. बिनपरवाना बंदूक बाळगण्याला 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं शिक्षा आहे, त्यामुळे ‘बघू गणपतीला सगळे जमले की’ असं करू नका. घरात मरण झालं, कागद सापडत नव्हते, कायदा माहीत नव्हता, हे खरं कारण खरेपणाने लिहून आपणहून जाणाऱ्या कुटुंबाला ठाण्यात साधारणपणे समजुतीने घेतात, असा माझा अनुभव आहे. दुसऱ्या कुणाच्या तक्रारीवरून पोलीस घरी आले तर मात्र चित्र पालटतं.

जमा केली म्हणजे गेली, असं नाही. भाऊ ज्याला जप्ती म्हणतो ती ही नव्हे. जमा बंदूक कायदेशीर वारसाची मालमत्ता राहते. तुमच्यापैकी एकाला हवी असेल तर 2016 च्या शस्त्र नियमांतल्या नियम 25 खाली वारस म्हणून परवान्याचा अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं, बाकीच्या वारसांची ना हरकत, बंदूक सुरक्षित ठेवण्याची सोय आणि पोलिसांचा अहवाल, एवढं लागेल. अर्जदाराकडे आधीच दोन बंदुका असतील तर तिसरी वारसाने आली तरी ठेवता येणार नाही, कारण 2019 पासून मर्यादा दोनची आहे. कुणालाच नको असेल तर विक्रेत्याला किंवा दुसऱ्या परवानाधारकाला विकता येते. मात्र जमा करून विसरलात तर ठरलेल्या मुदतीनंतर जिल्हा दंडाधिकारी ती सरकारजमा करू शकतात, आणि तेव्हा दोष त्यांना देता येणार नाही. याच नियमात एक तरतूद लोकांना माहीतच नसते. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडे असली, की तो जिवंतपणीच वारसाच्या नावाने परवान्यासाठी मार्ग मोकळा करू शकतो. तुमच्या गावात असे आजोबा असतील तर त्यांना हे जरूर सांगा. वर लिहिलेल्यातली निम्मी प्रकरणं त्याने टळतील.

शेतीसंरक्षणाचा परवाना मिळाला तरी तो शिकारीचा परवाना नव्हे. गवा, वानर, डुक्कर यांच्याबाबतीत 1972 चा वन्यजीव कायदा वेगळा चालतो आणि वन खात्याच्या परवानगीशिवाय जनावर मारलं तर चालू परवाना असूनही गुन्हा होतो.

प्रत्यक्ष करताना क्रम असा ठेवा. बंदूक कपाटातून काढून मिरवत ठाण्यात नेऊ नका, वारसाकडे ती रस्त्याने न्यायचाही परवाना नाही. आधी ठाण्यात लेखी अर्ज द्या, त्याची शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, आणि बंदूक कशी आणायची की पोलीसच येणार ते त्यांना विचारा. बंदुकीत काडतूस आहे का हे माहितगार माणसालाच पाहू द्या. जुनी काडतुसं फुगून आत अडकलेली असतात, ती ठोकून काढायचा प्रयत्न करू नका. घरात आणखी एखादी ठासणीची भिंतीला टांगलेली असेल तर ती रिकामीच आहे असं धरून चालू नका. गज नळीत सोडून तो किती आत जातो ते बाहेरून नळीशी लावून ताडून पाहतात, आणि तो बुडापर्यंत जात नसेल तर आत दारू ठासलेली आहे असं समजतात. हेही तुम्ही स्वतः करू नका, ठाण्यात सांगा.

काडतुसंही मोजून जमा करा, ती परवान्यावर चढवलेली असतात आणि लोक तीच घरी विसरतात. परवान्याच्या प्रत्येक पानाचा, कोऱ्या पानांसकट, स्वच्छ फोटो काढून ठेवा. पावतीवर ‘एक जुनी बंदूक’ एवढंच लिहिलेलं घेऊ नका. बनावट, बोअर, नळ्या किती, आणि नळी व बैठक या दोन्हींवरचा नंबर तिथेच, तुमच्यासमोर, खडू लावून वाचून लिहून घ्या. तो परवान्यातल्या नंबरशी जुळला नाही तर त्याच दिवशी तसं अर्जात लिहून द्या, नंतर नको. आणि परवान्याची मुदत कधी संपली ते मला कळवा, म्हणजे वारसाच्या अर्जात विलंबाचं कारण कसं मांडायचं ते सांगतो.